मागच्या दाराची लाज

माझी थोरली बहीण खोटे बोलत नाही. लहानपणी खोटे बोलावयाचे ते मी आणि मार खावयाचा तो तिने, अशी आमच्या घरची वाटणी होती. पण २०२२ सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, ती कॅलिफोर्नियातून आमच्या आईशी फोनवर बोलताना चक्क खोटे बोलली. आईने विचारले, "नातू कुठल्या कॉलेजात लागला गं?" ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "युनिव्हर्सिटीत आहे, आई." फोन माझ्या हातात होता. पडद्यावर तिचा चेहरा मला दिसत होता. मार खातानाही तो इतका उतरलेला मी पाहिला नव्हता.

माझा भाचा युनिव्हर्सिटीत नव्हता. तो घरापासून दोन मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात जात होता. तेथे दोन वर्षे शिकून मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात, आणि तेही व्यापार-व्यवस्थापनाच्या एका नामांकित शाळेत, प्रवेश मिळवावयाचा असा त्याचा बेत होता. त्या बेतात लपवण्यासारखे काय होते? हा प्रश्न मी गेली तीन वर्षे अनेकांना विचारला. कोणी नीट उत्तर दिले नाही, म्हणून आज तो जाहीरपणे विचारते.

या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी म्हणेल. अधिकार एवढाच की, मी मॅट्रिक आहे. १९९७ साली दहावी झाले. वडील अंथरुणाला खिळलेले. पुढे कॉलेज शक्य नव्हते. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या आधाराने चित्रकला-शिक्षिकेची पदविका घेतली आणि तालुक्याच्या शाळेत फळ्यावर कलश आणि कमळे काढू लागले. रात्री कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्या गेल्या, वाचल्याही गेल्या. तरी संमेलनाच्या मांडवात कोणी नवीन ओळख झाली की तिसरे वाक्य ठरलेले: "आपण एम. ए. कुठून केलेत?" मी "मॅट्रिक" म्हणते आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत माझी कादंबरी चार इंच आखूड होताना पाहते. तेव्हा शिक्षणाच्या नावाची लाज म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावयास नको.

आता हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे त्याविषयीचे अज्ञान एवढे दाट आहे की नापासांची शाळा, बिघडलेल्या मुलांची शाळा, व्हिसाचा उद्योग, असे वाटेल ते अर्थ लोक लावतात. खरी गोष्ट अशी. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे अशा पद्धतीचे पहिले सरकारी कॉलेज निघाले. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची प्रेरणा होती. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांनी आपल्या गावात पुरी करावीत आणि मग वरच्या वर्गासाठी विद्यापीठात यावे, अशी ती कल्पना. १९१० साली कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो येथे असे कॉलेज सुरू झाले. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत.

आणि १९६० साली त्या राज्याने एक असे काम केले की ज्याचा आपण हेवा करावा. क्लार्क केर हे तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने राज्याने उच्च शिक्षणाचा एक सर्वंकष आराखडा मंजूर केला. त्यात असे ठरले की, शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी वरच्या आठव्या हिश्शाला थेट कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या तिसऱ्या हिश्शाला राज्य महाविद्यालयांत, आणि बाकी ज्याला म्हणून शिकावयाचे असेल त्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळेल. पण आराखडा येथे थांबला असता तर ती आणखी एक जातवारी झाली असती. पुढे असेही ठरले की, विद्यापीठातील १०० जागांपैकी ४० खालच्या दोन वर्षांसाठी आणि ६० वरच्या दोन वर्षांसाठी असाव्यात. वरच्या वर्गांत जागा जास्त कशासाठी? कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्या मुलांसाठी! अजूनही कॅलिफोर्निया विद्यापीठाचे धोरण असे आहे की, राज्यातील जी मुले नव्याने घ्यावयाची, त्यांत दोन थेट शाळेतून आलेल्यांमागे एक असा बदलून आलेला असावा. म्हणजे तिघांत एक.

मला सांगा, घर बांधतानाच जे दार नकाशात काढले, ज्याच्या मापाने पायऱ्या घातल्या, त्याला मागचे दार कोण म्हणेल?

पण आपण म्हणतो. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागताच मी ताईकडे गेले. एका शनिवारी कोणा मराठी कुटुंबाकडे जेवण होते. श्रीखंड होते, वाटली डाळ होती, आणि मुलांच्या कॉलेजांची यादी होती. ती यादी वाढप्यासारखी पानापानावरून फिरत होती. आमच्या पानाशी आली तेव्हा ताईने पापड मोडला. एक गृहस्थ मोठ्या कळवळ्याने म्हणाले, "असू द्या हो, सगळ्यांनाच पुढच्या दाराने जाता येत नाही." पुढे बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची गोष्ट निघाली. दहावीनंतर त्यांनी तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला होता आणि त्याच्या गुणांवर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवला होता! ते अभिमानाने सांगत होते आणि त्यांनी अभिमान बाळगावा हेच योग्य. पण मग स्वतः ज्या वाटेने आलो त्याच वाटेवर चालणाऱ्या पोराकडे पाहून "अरेरे" म्हणण्याचे प्रयोजन काय? मी त्यांना तसे विचारले. ते म्हणाले, "ते वेगळे होते." काय वेगळे होते ते सांगण्यापूर्वी आइस्क्रीम आले.

जरा हिशेबाचे बोलू. दिवाळीला आपण वह्यांचीही पूजा करतो. कॅलिफोर्नियातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटाला ४६ डॉलर फी आहे. विद्यापीठात बदलून जाण्यासाठी ६० युनिटे लागतात. म्हणजे दोन वर्षांचे २,७६० डॉलर, आणि गरिबाला तेही माफ होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यातल्याच मुलाला नुसत्या शिकवणीचे आणि फीचे एका वर्षाला पंधरा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात, राहणे-जेवणे निराळे. पहिली दोन वर्षे दहाव्या हिश्शाहून कमी खर्चात होतात आणि शेवटी हाती पडणारी पदवी तीच. तिच्यावर "हा दोन वर्षे दुसरीकडे होता" असे कोठेही छापलेले नसते. अशी मुले पुढे अभ्यासात मागे पडतात म्हणावे, तर विद्यापीठाचेच अनुभव सांगतात की, पदवी पुरी करण्यात ती थेट आलेल्यांच्या बरोबरीने उभी राहतात. भाचा सकाळी वर्गात असे आणि दुपारी एका दुकानात माल लावीत असे. मी सातारा जिल्ह्यातली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" हे ज्या जिल्ह्याला शिकवले, १९४७ साली साताऱ्यात ज्यांनी त्याच तत्त्वावर कॉलेज उभे केले, त्या जिल्ह्यातल्या मुलीने आपला मुलगा कमावतो आणि शिकतो म्हणून मान खाली घालावी, याला काय म्हणावे?

येथवर कोणी म्हणेल, "बाई, लाज वाटली तर वाटली. लाजेने कोणाचे नुकसान होते?" होते. भाच्याचे झाले. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

बदलून विद्यापीठात जाणे आणि बदलून व्यापार-व्यवस्थापनाच्या शाळेत जाणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. बर्कलेचेच उदाहरण घ्या. तेथील व्यापारशिक्षणाचे कॉलेज १८९८ साली कोरा जेन फ्लड या बाईंच्या देणगीतून निघाले आणि १९८९ पासून ते हास यांच्या नावाने ओळखले जाते. २०२४ पर्यंत ही शाळा मुख्यतः शेवटच्या दोन वर्षांचीच होती. खुद्द बर्कलेत शिकणाऱ्या मुलालाही दुसऱ्या वर्षी तिच्या दारात नव्याने अर्ज घेऊन उभे राहावे लागे. २०२४ पासून तिने चार वर्षांचा क्रम सुरू केला आणि शाळेतून थेट मुले घेऊ लागली. बदलून येणाऱ्यांनाही ती घेते, पण कसे? कलनशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्राच्या दोन्ही शाखा, इंग्रजी लेखन, व्यापाराची तोंडओळख, असे सगळे विषय आधी उत्तम रीतीने पुरे करावयाचे, निबंध लिहावयाचे, कामाचा अनुभव दाखवावयाचा, आणि एवढे करूनही शंभर अर्जांमागे प्रवेश दहाच्या आत! बर्कले विद्यापीठ सबंध धरले तर बदलून येऊ पाहणाऱ्या साधारण चौघांपैकी एकाला जागा मिळते. चारांपैकी ३.८ गुणांक मिळवलेली पोरे व्यापाराच्या दारातून परत जातात. आणि त्याच विद्यापीठाची बाकीची दारे त्यामानाने किती तरी मोकळी असतात.

मग अशा चिंचोळ्या दाराशीच आपली मुले डोके का आपटतात? आवड म्हणून? काही जणांना खरोखर आवड असते. त्यांच्याविषयी माझे म्हणणे नाही. माझ्या भाच्याला अर्थशास्त्र आवडते. भाव का चढतात, दुकानात एक माल खालच्या फळीवर आणि दुसरा डोळ्यांसमोर का ठेवतात, यावर तो तासभर बोलेल. पण त्याने हट्ट धरला तो व्यवस्थापनाच्या शाळेचा. मी त्याला विचारले, "का रे?" तो म्हणाला, "मावशी, तिथे मिळालं तर आईला ही दोन वर्षं सांगावी लागणार नाहीत."

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आयुष्याचा विषय निवडतो आहे आणि निवडीचे कारण काय, तर आईची लाज धुऊन निघावी! गंगेत डुबकी मारावी तशी त्याला त्या नामांकित शाळेत डुबकी मारावयाची होती. डागच नव्हता, त्या डागासाठी.

आता त्याची किंमत ऐका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांपैकी सहा शाखा कम्युनिटी कॉलेजच्या मुलाशी लेखी हमीचा करार करतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पुरे कर, सप्टेंबरात अर्ज भर, आणि तुझी जागा पक्की. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. या हमीला पैसे पडत नाहीत. एका ठिकाणची हमी घेतली म्हणून दुसरीकडे अर्ज करण्याचे दार बंद होत नाही. म्हणजे एका हातात पक्की जागा ठेवून दुसऱ्या हाताने वाटेल त्या मोठ्या शाळेचे दार ठोठावता येते. असे असून २०२३ च्या सप्टेंबरात भाच्याने हमीचा अर्ज भरला नाही. घरात ठरले, "हमीची जागा घेतली म्हणजे हार मानल्यासारखे होईल." नोव्हेंबरात त्याने दोनच ठिकाणी अर्ज केला, दोन्ही अतिशय चढाओढीचे. २०२४ च्या एप्रिलअखेर दोन्हीकडून नकार आले. त्या विद्यापीठांची नावे मी लिहीत नाही. त्यांनी आपले नियम पाळले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. माझी तक्रार घरातल्यांविरुद्ध आहे आणि त्या घरात मीही येते, कारण २०२२ च्या त्या संध्याकाळी फोन माझ्या हातात होता आणि मीही आईला खरे सांगितले नव्हते.

मी गेले तेव्हा तो पोरगा दार लावून बसलेला असे. ताई दाराशी ताट ठेवी. तासाभराने ते तसेच उचली. दोन वर्षांचा अभ्यास, ३.८ गुणांक, दुकानातली मेहनत, हे सगळे एका नकाराने रद्द झाले असे ती दोघेही समजत होती. खरे म्हणजे एक गुणही रद्द झाला नव्हता. एक वर्ष मात्र गेले.

न्याय करावयाचा तर सगळा दोष आपल्या पदरात घेणेही बरोबर नव्हे. त्या व्यवस्थेतही खोट आहे. ज्या १९६० साली तो आराखडा झाला त्याच साली बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सॅन होझे येथील अशाच एका कॉलेजचा अभ्यास करून दाखवले की, ही कॉलेजे सर्वांना आत घेतात खरी, पण मग पुष्कळांची आकांक्षा हळूहळू, गोड बोलून, थंड करतात. मूल परत जाते आणि त्याला वाटते की आपणच आपल्या मनाने परतलो. हा आरोप जुना झालेला नाही. २०२४ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी मोजून सांगितले की, विद्यापीठात जाण्याच्या इराद्याने आलेल्यांपैकी सुमारे पाचांत एकच चार वर्षांत तेथवर पोहोचतो. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या अटी वेगळ्या, एकेका अभ्यासक्रमाच्या अटी आणखी वेगळ्या, आणि समजावून सांगणारी माणसे थोडी. नकाशात दार आहे, पण जिन्यात दिवा नाही. आणि जनतेच्या पैशावर चाललेल्या विद्यापीठांनी सर्वांत जास्त मागणी असलेल्या शिक्षणाचेच दार सर्वांत अरुंद ठेवावे, यावर त्यांना खडसावून विचारणारे कोणी असावयास हवे. "जागा कमी आहेत" हे उत्तर नव्हे. जागा आकाशातून पडत नाहीत. त्या माणसेच ठरवतात.

पण जिन्यात दिवा नसेल तर निदान हात धरून सोबत चालावे, ते काम घरच्यांचे. ज्याला हे रस्ते ठाऊक आहेत अशा समुपदेशकाकडे जाऊन बसावे, हमीचा अर्ज कधी भरावयाचा ते विचारावे, दुसरा पर्याय मोकळेपणाने बोलावा. पण ज्याची वाच्यताच करावयाची नाही त्याची चौकशी कशी करणार? ताईच्या ओळखीत निदान तीन घरे अशी निघाली की जेथली मुले याच वाटेने गेली होती आणि ज्यांना हमीच्या कराराची खडान्‌खडा माहिती होती. तिने त्यांना विचारले नाही. त्यांनी तिला सांगितले नाही. चारही घरे एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात होती आणि चारही घरे एकच गोष्ट लपवत होती! लाजेचा खरा तोटा हा. ती माणसाला माहितीपासून तोडते.

आम्हा मास्तरांच्या भाषेत बदली म्हणजे शिक्षा. वरिष्ठांची मर्जी गेली की बदली. कदाचित म्हणूनच "बदलून गेला" हे शब्द आपल्या कानाला खुपतात. पण शिकणाऱ्याने एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर जाणे यात शिक्षा कसली? आपल्याकडेही आता एका संस्थेत मिळवलेले गुण दुसऱ्या संस्थेत धरण्याची व्यवस्था येत आहे. उद्या तुमच्या-माझ्या घरातली मुले पहिली दोन वर्षे तालुक्याला आणि पुढची पुण्याला शिकतील. तेव्हाही आपण "तसे म्हणजे पुण्याचेच" असे पुटपुटणार आहोत काय?

भाच्याने तिसरे वर्ष त्याच कॉलेजात काढले. २०२४ च्या सप्टेंबरात हमीचा अर्ज भरला, आणि या खेपेस मी भारतातून रात्री जागून फोनवर त्याला तारखा विचारीत होते. नोव्हेंबरात त्या मोठ्या शाळेतही पुन्हा अर्ज केला. कारण इच्छा सोडून द्यावी असे माझे म्हणणे कधीच नव्हते. ती शाळा पुन्हा नाही म्हणाली. या वेळी तो जेवला. २०२५ च्या सप्टेंबरात तो डेव्हिसला गेला. अर्थशास्त्र शिकतो आहे.

जाण्यापूर्वी ताईने आईला फोन केला. मी म्हटले, आता सगळे सांग. ती थोडी अडखळली आणि मग तिने सांगितले: तीन वर्षे तो घराजवळच्या लहान कॉलेजात होता, मोठ्या शाळेने दोनदा नाकारले, आता दुसऱ्या विद्यापीठात चालला आहे, घरापासून दोन तासांवर. आई सगळे ऐकून घेत होती. ताईला वाटले, आता काही तरी लागेल असे बोलणार.

आई म्हणाली, "तिथं पोराच्या जेवायची सोय आहे ना गं?"

ज्या एका माणसापासून आम्ही तीन वर्षे लपवले, त्याला एवढेच विचारावयाचे होते.